ट्रेमध्ये कागद आहे, तरी प्रिंटर 'लोड लेटर' म्हणून अडून बसतो

ट्रे उघडून पाहावा तर ए४ कागद नीट भरलेला. प्रिंटरच्या पट्टीवर मात्र 'लोड लेटर', नाहीतर 'ट्रे १ लोड लेटर प्लेन', नाहीतर 'पेपर साइझ मिसमॅच'. ओके दाबलं की प्रिंट निघते आणि पुढच्या प्रिंटला पुन्हा तेच रडगाणं. शाळा, ग्रामपंचायत, सीएचं ऑफिस, झेरॉक्सचं दुकान, घरातला एकुलता एक लेझर प्रिंटर, कुठेही हे दिसतं. 'प्रिंटर जुना झालाय' असं म्हणून लोक वर्षानुवर्षं ओके दाबत राहतात. प्रिंटरचा यात काही दोष नसतो. कुठेतरी कुणीतरी त्याला लेटर कागद वापर असं सांगून ठेवलेलं असतं, आणि तो तेवढंच मागत असतो.

इथे लेटर म्हणजे पत्र नव्हे, आणि लेटरहेड तर नव्हेच. हा निरोप वाचून ट्रेमध्ये संस्थेची छापील लेटरहेडं भरलेली मी पाहिली आहेत. ट्रे बंद केल्यावर प्रिंटरने मुकाट्याने त्यांवर पगारपत्रक छापलं, आणि मग पुढचे दोन तास कुणी काय केलं यावर चर्चा.

लेटर हे अमेरिकेतल्या कागदाच्या मापाचं नाव आहे: साडेआठ इंच रुंद, अकरा इंच लांब, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. आपण वापरतो तो ए४ कागद २१० बाय २९७ चा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात. प्रत्यक्षात ए४ सहा मिलिमीटर अरुंद आणि जवळजवळ अठरा मिलिमीटर लांब असतो. पुढचा सगळा गोंधळ या अठरा मिलिमीटरांचा.

निरोप जुनाच आहे. एचपीच्या १९८७ सालच्या लेझरजेट २ वर आणि पुढच्या ३ व ४ या मालिकांवर 'पीसी लोड लेटर' अशी ओळ यायची. बिचारे लोक कॉम्प्युटरकडे बघत बसायचे. तिथला पीसी म्हणजे पेपर कॅसेट, कागदाचा ट्रे. पट्टीवर मोजकीच अक्षरं मावायची, म्हणून 'ट्रेमध्ये लेटर मापाचा कागद भरा' हे तीन शब्दांत कोंबलेलं. आता पडदे मोठे झाले, पीसी गेलं, बाकीची ओळ तशीच राहिली.

ए४ ची गोष्ट वेगळी. जर्मनीने १९२२ साली हे माप ठरवलं आणि १९७५ साली ते आयएसओ २१६ म्हणून आंतरराष्ट्रीय झालं. बरोबर एक चौरस मीटरचा ए० कागद चारदा अर्धा केला की ए४ मिळतो, म्हणून एका चौरस मीटरमध्ये सोळा ए४ बसतात आणि ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा, एक कागद ५ ग्रॅम भरतो. टपालाचं वजन घरी काढायचं असेल तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिका आणि कॅनडा मात्र लेटरवरच राहिले, आणि आपण वापरतो ती बरीचशी सॉफ्टवेअर तिकडचीच. तिथूनच लेटर आपल्या ट्रेपर्यंत येतं.

आधी निरोप नीट वाचा

प्रिंटर काय मागतोय ते शब्दन् शब्द वाचा, कारण अर्धं निदान तिथेच होतं. प्रिंटर नेहमी कामात लिहिलेलं माप मागतो. काम म्हणजे कॉम्प्युटरकडून आलेली प्रिंटची मागणी. म्हणून:

'लोड लेटर' असेल तर कॉम्प्युटरकडून येताना कामावर लेटर लिहिलेलं आहे. दोष फाइलमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, शोधायचा. प्रिंटरची बटणं दाबून फार काही साधणार नाही.

'लोड ए४' असेल, आणि ट्रेमध्ये ए४ च असेल, तर उलट. काम बरोबर आलंय, पण ट्रेमध्ये लेटर आहे अशी प्रिंटरची समजूत आहे. इथे कॉम्प्युटरला हात लावायची गरज नाही.

प्रिंटरची समजूत म्हणतो, कारण लहान लेझर प्रिंटरच्या ट्रेला डोळे नसतात. ट्रेमध्ये कुठल्या मापाचा कागद आहे हे त्याला दिसत नाही. पट्टीवरच्या मेनूत जे लिहिलंय त्यावर तो विश्वास ठेवतो. कागद आत ओढला गेला की एका सेन्सरवरून जातो, आणि तो किती वेळ सेन्सरवर राहिला यावरून लांबी कळते. २७९ ची अपेक्षा असताना २९७ चा कागद आला की शेपूट वेळेत बाहेर पडत नाही, आणि प्रिंटरला वाटतं कागद अडकला. कागद कुठेही अडकलेला नसताना 'पेपर जॅम' येतो, झाकण उघडून पाहिलं तर आत काहीच नाही, त्याचं एक कारण हेच. रोलर बदलण्याआधी माप तपासा.

'लोड लेटर' येत असेल तर

ड्रायव्हर की फाइल, हे आधी वेगळं करायचं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे आपला प्रिंटर, मग प्रिंटर प्रॉपर्टीज, आणि पहिल्याच पानावर 'प्रिंट टेस्ट पेज'. टेस्ट पेजलाही लेटर मागितलं तर ड्रायव्हर. टेस्ट पेज सुरळीत निघालं तर ड्रायव्हर सोडा, फाइलकडे जा.

ड्रायव्हरमध्ये कागदाचं माप दोन जागी असतं आणि लोक नेहमी एकच बदलतात. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' ही तुमच्या लॉगिनपुरती. दुसरी जागा प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर, 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' या बटणामागे. ती सगळ्यांसाठी. एका कॉम्प्युटरवरून शेअर केलेला प्रिंटर चार टेबलांवर वापरला जात असेल, तर ही दुसरी जागा ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलाय तिथे बदलावी लागते, आणि त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागतो. ज्यांनी आपल्या प्रेफरन्सेस आधीच बदलून ठेवल्या आहेत, त्यांच्याकडे मात्र हा बदल आपोआप पोचत नाही. त्यांच्या टेबलावर जाऊन त्यांच्या लॉगिनमध्ये ए४ करा.

'डिव्हाइस सेटिंग्ज' हा टॅब दिसत असेल तर तोही उघडा. तिथे कुठल्या ट्रेला कुठलं माप हे नेमून देता येतं. दोन ट्रेच्या प्रिंटरमध्ये दुसऱ्या ट्रेसमोर लेटर राहिलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट.

आता मुळाशी. नवा ड्रायव्हर बसताना लेटर का निवडतो? बहुतेक ड्रायव्हर विंडोजमधला देश बघून माप ठरवतात. आपल्याकडे विंडोज टाकून देणारा घाईत असतो. भाषा इंग्लिश युनायटेड स्टेट्स, पुढे नेक्स्ट, नेक्स्ट, संपलं. त्यामुळे कॉम्प्युटर बारामतीत असला तरी त्याच्या मते तो अमेरिकेत असतो. कंट्रोल पॅनेलमधलं 'रीजन' उघडा. फॉरमॅट इंग्लिश इंडिया किंवा मराठी करा, 'ॲडिशनल सेटिंग्ज'मध्ये मोजमाप मेट्रिक आहे ना ते बघा. मग 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबवर 'कॉपी सेटिंग्ज' दाबून वेलकम स्क्रीन आणि नवे यूजर या दोन्ही चौकटींवर खूण करा. ही शेवटची पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. ती राहिली की तुमच्या लॉगिनमध्ये भारत आणि बाकी सगळीकडे अमेरिका, आणि नवा प्रिंटर बसवला की पुन्हा लेटर.

ड्रायव्हर बरोबर, तरी काही फाइलींनाच होतं

वर्डमध्ये एक प्रकार फार छळतो. सहा पानं सुटतात, सातव्यावर प्रिंटर थांबतो, ओके दाबलं की पुढची निघतात. कुणीतरी इंटरनेटवरून किंवा दुसऱ्याच्या फाइलीतून मजकूर आणून चिकटवलेला असतो आणि त्यासोबत सेक्शन ब्रेकही, म्हणजे तिथून पुढच्या पानांची मांडणी वेगळी ठेवणारी खूणही, आलेला असतो. त्या सेक्शनचं माप लेटर, बाकीचं ए४. स्क्रीनवर फरक कळत नाही. कंट्रोल ए दाबून सगळं निवडा, लेआउटमध्ये साइझ, खाली 'मोअर पेपर साइझेस', तिथे ए४ आणि खालच्या 'अप्लाय टू'मध्ये 'होल डॉक्युमेंट'. त्याच खिडकीत 'सेट ॲज डिफॉल्ट' आहे. ते दाबलं की पुढच्या सगळ्या कोऱ्या फाइली ए४ मध्ये उघडतील. वर्डचं स्वतःचं मूळ माप लेटर असू शकतं, म्हणून हे बटण एकदा तरी दाबाच.

वर्डमध्ये आणखी एक खोच आहे. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, प्रिंट या भागात 'स्केल कंटेंट फॉर ए४' अशा सुरुवातीची चौकट असते आणि ती आधीपासूनच चालू असते. लेटरची फाइल ए४ वर आणि उलट, वर्ड परस्पर बसवून देतं. त्यामुळे बरेचदा वर्डमधून काही अडत नाही आणि पीडीएफलाच अडतं. मग लोक पीडीएफला दोष देतात.

एक्सेलमध्ये माप प्रत्येक शीटला वेगळं असतं. बारा महिन्यांच्या बारा शीट असतील तर पहिली बदलून उपयोग नाही. सगळ्या शीट एकत्र निवडून मग पेज लेआउटमध्ये साइझ बदला, आणि नंतर निवड सोडायला विसरू नका, नाहीतर एका शीटमध्ये टाइप केलेला आकडा बाराही शीटमध्ये उतरेल.

पीडीएफ ॲडोबी रीडरमध्ये उघडून कंट्रोल डी दाबा. पानाचं माप तिथे लिहिलेलं असतं. ८.२७ बाय ११.६९ इंच म्हणजे ए४, ८.५ बाय ११ म्हणजे लेटर. अमेरिकन विद्यापीठांचे अर्ज, तिकडच्या व्हिसाची कागदपत्रं, मॅन्युअल, ही बहुधा लेटरमध्ये असतात. फाइल बदलायची गरज नाही. प्रिंटच्या खिडकीत 'चूज पेपर सोर्स बाय पीडीएफ पेज साइझ' ही चौकट असते, तिच्यावरची खूण काढा. ती असेल तर रीडर प्रिंटरला पीडीएफचंच माप कळवतो, आणि तुमच्या ड्रायव्हरमधल्या ए४ ला कुणी विचारत नाही. सगळं तपासून झालं तरी पीडीएफलाच 'लोड लेटर' येत असेल तर दहातल्या आठ वेळा ही चौकट सापडते, असा माझा अंदाज.

क्रोममधून प्रिंट देताना 'मोअर सेटिंग्ज' उघडल्याशिवाय पेपर साइझ दिसतच नाही, आणि क्रोम मागच्या वेळचं माप लक्षात ठेवतो. एकदा लेटर झालं की पुढे लेटरच. अँड्रॉइड फोनवरून प्रिंट देत असाल तर प्रीव्ह्यूच्या वर पेपर साइझची ओळ असते, तिथे 'आयएसओ ए४' निवडा. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ थेट फोनवरून छापणाऱ्यांना हे नेमकं माहीत नसतं.

'लोड ए४' येत असेल तर

प्रिंटरच्या मेनूत पेपर सेटअप किंवा ट्रे सेटिंग शोधा आणि त्या ट्रेचं माप ए४, प्रकार प्लेन करा. पडदा नसलेल्या छोट्या प्रिंटरमध्ये हेच काम कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाकून होतं.

पण ते बिघडलं कसं, हे बघा. बऱ्याच प्रिंटरमध्ये ट्रे भरून आत ढकलला की पट्टीवर प्रश्न येतो: 'ट्रे २ लेटर प्लेन, बदलायचंय का?' तीनचार सेकंद दिसतो आणि जातो. कागद भरणारा शिपाई असो की साहेब, हाताला सवय ओके दाबायची. झालं, प्रिंटरने लेटर नोंदवलं. ऑफिसमध्ये कागद कोण भरतो त्याला हा प्रश्न एकदा समोर उभं राहून दाखवा. बाकी कुठल्याही सेटिंगपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

ट्रेमधल्या, कागद धरून ठेवणाऱ्या सरकत्या पट्ट्याही बघा. मोठ्या कॉपियरमध्ये या पट्ट्यांच्या जागेवरूनच प्रिंटर माप ओळखतो. रुंदीची पट्टी लेटरच्या खुणेवर राहिली तर ए४ कागदाला सहा मिलिमीटर मोकळं मिळतं, कागद तिरका ओढला जातो आणि ओळी उताराला लागल्यासारख्या छापल्या जातात. निरोप 'लोड ए४' चा आणि छपाई तिरकी अशा दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर कारण एकच असतं.

काही प्रिंटरच्या मेनूत 'ओव्हरराइड ए४/लेटर' किंवा तशा अर्थाचा पर्याय असतो. तो चालू केला की प्रिंटर या दोन मापांवरून भांडत नाही, जो कागद आहे त्यावर छापतो. झेरॉक्सच्या दुकानात, जिथे दर पाच मिनिटांना वेगळ्या माणसाच्या पेन ड्राइव्हमधली वेगळी फाइल येते, तिथे हा पर्याय चालूच ठेवावा. ऑफिसमध्ये माझं मत वेगळं आहे. तिथे फाइली आपल्याच असतात. प्रिंटरचं तोंड बंद केलं की चुकीचं माप तसंच राहतं आणि दुसऱ्या वाटेने त्रास देतं.

तो दुसरा त्रास: प्रिंट निघते, पण कापलेली किंवा बारीक

ए४ चा मजकूर लेटर समजून छापला की दोनपैकी एक होतं. लहान न करता छापला तर खालचे अठरा मिलिमीटर जातात, म्हणजे नेमका पान क्रमांक, सहीची जागा किंवा क्यूआर कोड. लहान करून छापला तर सगळं दिसतं पण बारीक.

बारीक झालंय का आणि का, हे फूटपट्टीने कळतं. फाइलमध्ये १०० मिलिमीटरची सरळ रेघ काढून छापा आणि मोजा. १०० आली तर उत्तम. ९६ किंवा ९७ आली तर बहुधा नुसतं 'फिट' निवडलेलं आहे. प्रिंटरला कागदाच्या कडेला काही मिलिमीटर छापता येत नाही म्हणून तो पान थोडं आक्रसून घेतो. लेटरचं पान ए४ वर बसवलं तरीही ९७ च्या आसपासच येते. ९४ किंवा त्याहून कमी आली तर मात्र ए४ चं पान लेटरमध्ये कोंबलं जातंय: २७९.४ भागिले २९७ म्हणजे ९४ टक्के.

६ टक्क्यांनी काय होतं? पत्राला काही होत नाही. पण ३५ बाय ४५ चा पासपोर्ट फोटो ३३ बाय ४२ चा होतो, आणि अर्ज परत येतो. ८५.६ बाय ५४ चं ओळखपत्र ८०.५ बाय ५०.८ चं होतं आणि लॅमिनेशनच्या पाकिटात खुळखुळतं. मापाचं काही छापायचं असेल तेव्हा 'ॲक्चुअल साइझ' किंवा १०० टक्के निवडा, 'फिट' नको.

लीगलचा तिढा

लेटरवर इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं सापडतं. लीगलबद्दल आपल्याला उपयोगी पडेल असं फारसं सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

ड्रायव्हरमधला लीगल हा अमेरिकन लीगल असतो: ८.५ बाय १४ इंच, म्हणजे २१५.९ बाय ३५५.६ मिलिमीटर. आपल्या बाजारात 'लीगल' किंवा 'एफएस' म्हणून जे रीम मिळतं त्याच्या वेष्टनावर बहुधा २१५ बाय ३४५ असतं. दहा मिलिमीटर कमी. शिवाय ड्रायव्हरच्या यादीत 'फुलस्केप' किंवा 'फोलिओ' नावाने ८.५ बाय १३ इंच, म्हणजे ३३० मिलिमीटरचं तिसरंच माप असतं. दुकानदार, कारकून आणि वकील या तिन्हींना सरसकट लीगल म्हणतात.

परिणाम ओळखीचा आहे. ड्रायव्हरमध्ये लीगल, ट्रेमध्ये ३४५ चा कागद, आणि प्रतिज्ञापत्राची शेवटची ओळ कडेला चिकटलेली नाहीतर गायब. किंवा कागद अपेक्षेपेक्षा लवकर संपल्याने 'साइझ मिसमॅच' आणि जॅम. यावर उपाय सोपा आहे. वेष्टन वाचा. मोठ्या कॉपियरच्या यादीत 'इंडिया लीगल' असेल तर तो निवडा, तो २१५ बाय ३४५ चाच असतो. नसेल तर ड्रायव्हरमध्ये 'कस्टम साइझ' करून २१५ आणि ३४५ हे आकडे टाका, त्याला 'आपला लीगल' असं नाव द्या, आणि प्रिंटरच्या ट्रेलाही कस्टम करा. वर्डमध्येही पानाचं माप तेच. तीनही जागी एकच आकडा पाहिजे. दोन जागी असून चालत नाही.

कोर्टाच्या कामासाठी आधी तिथला नियम विचारा. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून दाखल होणाऱ्या कागदपत्रांसाठी ए४ आणि दोन्ही बाजूंना छपाई स्वीकारली. खालच्या न्यायालयांत आणि वेगवेगळ्या कार्यालयांत जिथे जसा रिवाज, तसा कागद.

राहिलेलं

निरोपात 'मॅन्युअल फीड' असेल तर माप नव्हे, जागा चुकली आहे. वर्डच्या पेज सेटअपमध्ये 'पेपर' टॅबवर पहिल्या पानासाठी मॅन्युअल ट्रे निवडलेला असतो. दोन्ही रकान्यांत डिफॉल्ट ट्रे करा.

निरोपात 'हेवी', 'कार्डस्टॉक' किंवा 'लेबल्स' असेल तर कुणीतरी जाड कागदावर प्रमाणपत्रं छापली आणि प्रकार तसाच सोडला. ड्रायव्हरमध्ये प्लेन करा.

प्रिंटर बंद करून चालू केल्याने अडलेलं काम जात नाही. ते कॉम्प्युटरच्या रांगेत असतं आणि प्रिंटर सुरू झाला की पुन्हा तेच मागतं. रांग उघडून ते काम कॅन्सल करा, माप बदला, मग नव्याने प्रिंट द्या. रांगेतल्या कामाचं माप मागाहून बदलत नाही, त्यामुळे सेटिंग बदलूनही 'अजून तेच येतंय' असं वाटतं, ते आधी पाठवलेल्या कामांमुळे.

लिनक्सवर माप इटीसी फोल्डरमधल्या पेपरसाइझ नावाच्या फाइलीत असतं, तिथे ए४ लिहा. शिवाय कप्स या लिनक्सच्या छपाई यंत्रणेच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ६३१ उघडून, प्रिंटरच्या डिफॉल्ट ऑप्शन्समध्येही ए४ करा.

आणि सगळं नीट चालत असताना अचानक पुन्हा 'लोड लेटर' सुरू झालं, तर प्रिंटरचा ड्रायव्हर नव्याने बसलाय का ते विचारा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर, किंवा यूएसबीची केबल दुसऱ्या पोर्टला लावल्यावर, त्याच प्रिंटरची 'कॉपी १' नावाची दुसरी नोंद तयार होते. तुमची ए४ ची सेटिंग जुन्या नोंदीत असते आणि प्रिंट नव्या नोंदीवर जात असतात. जुनी काढून टाका, नवीला डिफॉल्ट करा, आणि प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये ए४ पुन्हा एकदा लावा.